गाडी जाईपर्यंत

"काका," एवढंच म्हणून संघमित्रा फोनवर थांबली. पलीकडून गाडीचा खडखडाट येत राहिला. तो विरल्यावर ती म्हणाली, "बाबा गेले... सकाळी." चुडाव्याच्या त्या घरात असंच बोलतात. रूळ भिंतीला इतके लागून आहेत की वाक्य अर्ध्यावर थांबवणं तिथं सगळ्यांच्या अंगवळणी पडलं आहे.

संघमित्राचे वडील, सुधाकर, माझा शाळेपासूनचा मित्र. मुंबईत सिनेमाच्या गाण्यांना चेलो वाजवण्यात त्याची उमेदीची वर्षं गेली. चेलो म्हणजे व्हायोलिनच्या जातीचं मोठं वाद्य, खुर्चीवर बसून गुडघ्यांत धरून वाजवायचं. कामं आटली तसा तो गावी, चुडाव्याला, परतला आणि पूर्णा, परभणी, वालूर इथून माणसं गोळा करून त्यानं तंतुवाद्यांचा छोटा वाद्यवृंद उभा केला. कुणी शिक्षक, कुणी कारकून, रशीदभाई तर लग्नाच्या बँडमधले. संचालन तोच करायचा, चेलो वाजवता वाजवता. मान, भुवया, आणि पायाखालच्या सागवानी फळीवर टाचेचा ठोका, एवढ्यावर सगळे चालत.

घरातल्या तालमीत गाडी आली की तो चेलोचा गज तारांवरून वर उचलायचा. सगळे थांबत, त्याची टाच मात्र चालू असे. गाडी गेल्यावर थांबलो तिथून सुरू करायचं नाही, तर एव्हाना वादन जिथं पोचलं असतं तिथून. नवा माणूस हमखास चुकायचा. "अरे, ते थांबलंच नव्हतं," सुधाकर म्हणायचा. "गाडीमुळं ऐकू येत नव्हतं, एवढंच."

"सर, मालगाडी आली तर अख्खी चीजच संपतीय की," रशीदभाई एकदा म्हणाले. "मंग काय, नुसता सलाम करून उठायचं?"

"उठायचं," सुधाकर म्हणाला. तो हसला नाही.

त्याच्या मागे परभणीत श्रद्धांजलीची मैफल ठरली. शेवटच्या रचनेत मधोमध चेलोचा एकट्याचा लांब भाग आहे. तो रिकामा ठेवायचा, असं संघमित्रानं ठरवलं. पहिलं व्हायोलिन तिचं असतं.

"तेवढा येळ मात्रा कोण मोजणार, बेटा? ठोका द्यायला हाय का कुणी?" रशीदभाईंनी विचारलं.

"ज्यानं त्यानं मनात मोजायचं, चाचा."

"मंग झालं कल्याण!"

झालंही तसंच. तालमीत त्या शांततेनंतर प्रत्येक जण वेगळ्याच ठिकाणी शिरायचा. मैफलीतही फसलं तर वृंद मोडायचा, असं शेवटी सगळ्यांनी ठरवलं. वडिलांचं म्हणावं असं संघमित्राजवळ एवढंच उरलं होतं.

मी पहिल्या रांगेत होतो. रिकाम्या खुर्चीपुढे ती फळी आणून ठेवली होती. चेलोची जागा आली आणि सगळे गज वर गेले. सभागृहात पंख्यांचा आवाज तेवढा राहिला... बराच वेळ. मग सगळे गज एकदम खाली आले. एकही मागे नाही, पुढे नाही.

पडदा पडल्यावर रशीदभाई घाम पुसत म्हणाले, "लय बेस केलंस, बेटा. पायानं ठोका दिलास म्हणून निभावलं."

"मी? मला वाटलं तुमीच द्यायलात."

दोघांनी बाकीच्यांना विचारलं. ठोका सगळ्यांनी ऐकला होता, दिला कुणीच नव्हता. बातमीदारीच्या सवयीनं मी त्या शांततेत सगळ्यांच्या पायांकडेही पाहिलं होतं. एकही पाय हलला नव्हता. मला काही ऐकू आलं नाही, हेही नोंदवतो.

वृंद मोडला नाही. गेल्या आठवड्यात तालीम ऐकायला चुडाव्याला गेलो. फळी तिच्या जागी होती, टाच पडायची तिथं खळगा झालेली. खुर्चीवर कुणी बसत नाही. वादन ऐन रंगात असताना गाडी आली. गज वर गेले. मी वाकून त्या खळग्यावर तळहात टेकला. फळी थरथरत होती. रुळालगतच्या घरात ती थरथरणारच. गाडी लांब गेली. खिडकीची तावदानं शांत झाली, फरशी शांत झाली. तळहाताखाली एक ठोका आला, आणि त्या ठोक्यावर सगळे सुरू झाले.