रूबेन शेठने बंद केलेला शनिवार

रूबेन थळकर म्हणजे एक नंबरचा ढोंगी माणूस. मतलब मी त्याला पाहिलेला नाही, तो १९०८ सालचा, पण माझ्या आजीची आजी, धुरपदाबाई, त्याच्या जीनमध्ये, म्हणजे कापसाच्या कारखान्यात, मशीनवर बसून कापसातून सरकी काढायची. तिचं बोलणं घरात अजून चालत आलंय.

जीन लालबागला होतं, मुंबईच्या नाही, आमच्या गावच्या. रूबेनचा बाप शालोम शेठ, कोकणातून आलेला यहुदी, मराठीतच शिव्या घालायचा आणि खूप घालायचा. पण शुक्रवारी सूर्य बुडाला की इंजिन बंद, ते थेट रविवारी सकाळी सुरू. शनिवारी त्याच्या धर्मात काम मना, आणि फक्त त्यालाच नाही, चाकराला पण, बैलाला पण. शनिवार सोडला तर जीनमध्ये सीझनभर सुट्टी नसायची. धुरपदाबाई सिंधीपुऱ्यातून अंधारात निघायची, अंधारात परत. पोरगी कोकिळा चार वर्षांची. "माझी पोर मला शनिवारीच उजेडात पाहते," म्हणायची.

बाप मेला आणि मुंबईला शिकलेला रूबेन बग्गीतून उतरला. बायांच्या मधोमध खुर्ची टाकून बसायचा आणि सुस्कारे सोडायचा.

"बाई, हे जीन माझंच का? मी हा धंदा का करावा? माझं मन लागत नाही."

मुकादम सुकलाल मागून म्हणायचा, "शेठ, उठा आता, मिशीला कापसाची रुई लागली."

महिनाभर विचार करून त्याने ठरवलं की बापाचा रस्ता सोडायचा. आता सोडलं काय? बग्गी? नाही. जीन? छे! शनिवार सोडला!

"मी मोकळा झालो," सगळ्यांना जमवून म्हणाला, "आता शनिवारी पण इंजिन चालेल."

"मग सुट्टी कधी, शेठ?" धुरपदाबाईने विचारलं.

"बाई, मी कोणताच दिवस पवित्र मानत नाही."

"तुम्ही नका मानू. पण शनिवार आमचा पण आहे ना."

"यावर मी विचार करतो."

त्या शनिवारी चाळीसपैकी एकही बाई कामाला गेली नाही. इंजिन रिकामंच धडधडत राहिलं. सुकलाल पळत बंगल्यावर गेला तर दहा वाजले तरी शेठ अंथरुणात.

"शेठ, बाया आल्या नाहीत!"

"कोणत्या बाया?"

पुढच्या शनिवारी पण तेच. तेवढ्यातच हा थकला. धंदा माझ्या स्वभावाचा नाही म्हणाला, जीन विकून मोकळा झाला आणि मुंबईला गेला. नव्या मालकाला असले प्रश्न पडायचे नाहीत. सातही दिवस काम, जी येणार नाही तिचं नाव कट. धुरपदाबाई शनिवारी पण कामाला गेली. काय करणार होती?

वर्षाने सुकलालला रूबेनचं पत्र आलं. त्याने ते मशीनपाशी मोठ्याने वाचलं. मी अजून माझा रस्ता शोधतोय, तिथल्या बायांना माझी आठवण येते का, वगैरे वगैरे.

"काय लिहू?" सुकलाल म्हणाला.

धुरपदाबाईने मशीनवरचा हात काढला नाही.

"लिहा, शनिवारी येऊन विचारा म्हणावं. आम्ही इथंच असतो."