दोन वधू आणि एक रकाना

विवाह नोंदणी कार्यालयातल्या कारकुनाला सगळे शिक्केवाले काका म्हणत. एकतीस वर्षं ते एकाच खिडकीत बसत होते. बाईचं बाईशी आणि पुरुषाचं पुरुषाशी लग्न लागू शकेल असा कायदा झाला, तेव्हा त्यांनी जेवता जेवता जाहीर केलं, "आता जग बुडणार."

काकू म्हणाल्या, "बुडायच्या आधी ताट धुऊन ठेवा."

इतर देशांत काय चाललंय बघावं म्हणून काकांनी परदेशी नातेवाइकांना फोन लावले. धाकट्या भावाच्या देशात हा कायदा होऊन वीस वर्षं झाली होती. "दादा, इथे कुणाला काही पडलेली नाही," तो म्हणाला. "माझ्या शेजारचे दोघे नवरे कचऱ्याच्या डब्यावरून भांडतात, तेवढीच काय ती चर्चा." मेव्हण्याच्या देशात खटला चालू होता. "पुढची तारीख पडलीये," तो म्हणाला. अकरा वर्षं तो हेच सांगत होता. बहिणीच्या देशात मात्र यासाठी तुरुंग होता. ती एकदम मोठ्यानं स्वतःच्या गुडघ्याबद्दल बोलू लागली आणि मग हळूच म्हणाली, "आमच्या वरच्या मजल्यावर दोघी राहतात. त्या चुलत बहिणी आहेत असं अख्ख्या गल्लीनं ठरवून टाकलंय."

पुढच्याच सोमवारी खिडकीशी एक बेकरीवाली आणि एक दातांची डॉक्टर येऊन उभ्या राहिल्या. एकोणीस वर्षं त्या एकत्र राहत होत्या. अर्ज मात्र जुनेच, कारण कपाटातले सात गठ्ठे संपल्याशिवाय नवे छापायचे नाहीत असा साहेबांचा हुकूम होता. त्यात एक रकाना वराचा, एक वधूचा.

"वर कोण?" काकांनी विचारलं.

"मी नाही," दोघी एकदम म्हणाल्या.

"कुणीतरी व्हावंच लागेल."

"तू हो," डॉक्टर बेकरीवालीला म्हणाली. "घोरतेस तूच."

"आणि ओला टॉवेल पलंगावर कोण टाकतं?"

रांग वाढत चालली. मागचे एक आजोबा टॉवेलच्या बाजूनं बोलू लागले. शेवटी काकांनी डोकं लढवलं. दोन अर्ज घेतले, एकेकीला एकेकात वधू केलं आणि वराच्या जागी 'लागू नाही' असं लिहिलं.

आठवड्याभरात मुख्य कार्यालयाचं पत्र आलं: 'आपल्याकडे एकाच दिवशी दोन वधूंनी वराविना अर्ज केल्याचे दिसते. दोन्ही वर बेपत्ता असल्यास पोलिसांत कळवले आहे काय?'

काकांनी खुलाशाचे तीन मसुदे फाडले. चौथ्यात लिहिलं: 'वर बेपत्ता नाहीत. ते नव्हतेच. वधू दोन असून दोघींची काही तक्रार नाही.' साहेबांनी कपाळाला हात लावला आणि नवे अर्ज छापायला टाकले. दोन्ही रकान्यांत एकच शब्द, जोडीदार.

लग्नाच्या दिवशी एक साक्षीदार कमी पडला. डॉक्टरच्या भावाचं पोट ऐन वेळी बिघडलं होतं, निदान त्यानं तसं कळवलं होतं. डॉक्टर नुसती बाकावर बसून राहिली. काकांना ते बघवेना. त्यांनी घरी फोन केला. काकू ओल्या केसांनीच धावत आल्या, सही केली आणि ढसाढसा रडल्या.

"तुम्ही का रडताय?" बेकरीवालीनं घाबरून विचारलं.

"लग्नात मी रडतेच," काकू म्हणाल्या. "कुणाचं आहे ते नंतर विचारते."

आता काकांचे दात तीच डॉक्टर बघते. त्यांचं तोंड पूर्ण उघडलं की ती विचारते, "मग काका, या कायद्याबद्दल आता काय मत आहे?"

काका फक्त "आ" करतात. ती तो होकार धरते.