मागच्या काचेवरचा आकडा

माझा कुठल्याच काट्यावर काडीचा विश्वास नाही. अंबरनाथ एमआयडीसीतल्या केमिकल कंपनीत माझी सगळी नोकरी प्रेशर गेज तपासण्यात गेली. आता डॉक्टर बीपी घ्यायला लागले तरी मी आधी त्यांच्या मशीनकडे संशयाने बघतो. रिटायर होताना लोक भिंतीवरचं घड्याळ घेतात, मी टेस्ट गेज मागून घेतला. बदलापूरच्या आमच्या घरात तो देवघराच्या वरच्या फळीवर मऊ फडक्यात गुंडाळलेला असतो. त्या फडक्याला हात लावायची कोणाला परवानगी नाही.

अशा माणसाच्या मुलीने एक दिवस सांगितलं, की तिला मोरिवलीच्या एका मुलाशी लग्न करायचंय. तो उल्हासनगरात गॅरेज चालवतो, गाड्या ट्यून करून त्यांची ताकद वाढवतो. गॅरेजबद्दल माझं काही म्हणणं नव्हतं हो. पण त्याच्या गाडीच्या मागच्या काचेवर वीतभर अक्षरांत चिकटवलं होतं, '२.२ बार'. टर्बो इंजिनात किती दाबाने हवा कोंबतो, त्याचा हा आकडा. कंपनीतून तीच गाडी १.२ घेऊन येते. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, हा एक तर थापाड्या आहे, नाहीतर इंजिनासकट माझ्या पोरीला उडवणार आहे. दोन्ही जावई मला नको होते.

रविवारी सकाळी आम्ही बापलेक मोरिवलीला निघालो. बायकोचे गुडघे दुखत होते, ती म्हणाली, काय ते ठरवा आणि मला फोन करा. रिक्षात मी मनातल्या मनात नकाराची वाक्यं जुळवत होतो. एरवी तोंडाला खळ नसलेली पोर गप्प बसून बाहेर बघत होती. ते मला खुपत होतं, पण मी फडक्यात गुंडाळलेला गेज मांडीवर घट्ट धरून बसलो.

गाडी अंगणात रात्रभर उभी होती, आणि भोवती त्याचे मित्र जमले होते. मला दाखवायला त्याने नुसती चावी फिरवली. इंजिन बंदच, तरी उल्हासनगरच्या मार्केटमधून आणून लावलेल्या डिजिटल मीटरवर १.० उमटलं. हा एक कुठून आला, मी विचारलं.

"काका, टर्बोमध्ये थोडं प्रेशर राहतंच," तो अदबीने म्हणाला. "हेवी टर्बो है ना."

मित्रांनी माना डोलावल्या. मला इतका आनंद बऱ्याच दिवसांत झाला नव्हता. मी तिथेच वर्ग घेतला. म्हटलं, बाबा रे, एक बार हवा कायमच आपल्या सगळ्यांवर बसलेली असते, तुझ्यावर, माझ्यावर, पलीकडच्या त्या म्हशीवरसुद्धा. तुझा मीटर तीही धरतो, कंपनी ती सोडून आकडा सांगते. आकाशातली हवा तू टर्बोच्या नावावर लावलीस.

इथेच नकार देऊन निघता आलं असतं. पण न मोजता बोललेलं मला पचत नाही, स्वतःचंसुद्धा. त्याच्या मीटरच्या नळीला तीन तोंडांचा टी जोडून माझा गेज लावला आणि बारवी धरणाच्या रस्त्याला लागलो. चढावर, तिसऱ्या गिअरमध्ये, पाय पूर्ण दाबून. पहिल्या खेपेला एक सांधा फुसफुसत होता, त्याने उतरून क्लिप आवळली. दुसऱ्या खेपेला पोर मागून वाकून दोन्ही आकडे एकाच व्हिडिओत घेत होती, आणि मी गेज छातीशी धरून, दाब, अजून दाब, असं ओरडत होतो. त्याचा मीटर २.२, माझा गेज १.२. एवढा खटाटोप करून गाडी कंपनीतून आली तशीच होती.

अंगणात परत आल्यावर हा आता सारवासारव करणार, अशी माझी खात्री होती. मी त्याचीच वाट बघत होतो. तो घरात गेला, आईचा कालथा घेऊन आला आणि सगळ्यांसमोर काचेवरचा आकडा खरवडायला लागला. एक मित्र म्हणाला, राहू दे ना, कोणाला कळतंय.

"मला कळलं ना आता," तो म्हणाला.

माझी पोर त्याच्या शेजारी जाऊन नखाने गोंद काढायला लागली आणि सकाळपासून पहिल्यांदाच बडबडायला लागली. मला जुळवलेल्या वाक्यांतलं एकही आठवेना. तेवढ्यात बायकोचा फोन आला, काय ठरलं म्हणून.

"एक पूर्णांक दोन दशांश," मी म्हणालो.

"अहो, मी लग्नाचं विचारतेय."

मी सांगितलं, पोरगा आहे तेवढाच दाखवतो, आपण हो म्हणू या. पलीकडे बराच वेळ नाक ओढल्याचा आवाज येत राहिला.

गेज गुंडाळायला वळलो तर फडकं जागेवर नव्हतं. पोरीने ते ओलं करून त्याच्या हातात दिलं होतं, आणि तो त्या फडक्यानेच काच पुसत होता. मी गेज खिशातल्या रुमालात गुंडाळला.