टिपेश्वर कोणत्या जिल्ह्यात?

मागच्या महिन्यातली एक दुपार डोक्यातून जात नाही, म्हणून लिहितेय. यवतमाळचं ऊन, कूलर नुसती गरम हवा फेकतोय, आणि मी आणि प्रणाली समोरासमोर बसून आळीपाळीने जांभया देतोय...

प्रणाली म्हणजे आमच्या मागच्या खोलीत भाड्याने राहणारी मुलगी. आमच्याच यवतमाळ जिल्ह्यातल्या पांढरकवड्याजवळच्या खेड्यातली, पोलीस भरतीची तयारी करणारी. पहाटे ग्राउंडवर धावायचं, मग कापडाच्या दुकानात दिवसभर उभं राहायचं, आणि मधल्या सुट्टीत घरी येऊन जेवायचं. तेव्हा जी.के.चे प्रश्न विचारायचं काम माझ्याकडे होतं. ती ताटावर बसली की मी सरावसंच हातात घ्यायची.

वयाच्या अटीमुळे ही तिची शेवटची भरती. मागच्या वेळी ग्राउंडला भरपूर मार्क मिळाले होते, लेखीत गेली. "पेपर तर सोपा होता काकू, किती तरी प्रश्न आपल्या संचातलेच होते," असं ती अजूनही म्हणायची. मग मार्क गेले कुठे, हे कोडं काही आम्हाला उलगडायचं नाही.

कारण येत तर सगळं होतं! मी पर्याय वाचून संपवायच्या आत तिचं उत्तर तयार. "क!"... "अ!"... गोळाफेकीतला गोळा फेकावा तसं. मला तिचं फार कौतुक वाटायचं.

त्या दुपारी मात्र माझे डोळे मिटायला लागले. "काकू, तुमी झोपून राह्यल्या का? तुमी झोपल्या का मी नापास," ती म्हणाली. झोप उडावी म्हणून, निव्वळ गंमत म्हणून, मी पर्याय खालून वर वाचायला लागले, अक्षरं मात्र अ, ब, क, ड अशीच.

"टिपेश्वर अभयारण्य कोणत्या जिल्ह्यात आहे? अ, गोंदिया. ब, चंद्रपूर. क..."

"ब!" तोंडात घास तसाच.

"ब? चंद्रपूर?"

"हो ना काकू, ब. पुढचा विचारा, मले उशीर होऊन राह्यला."

"प्रणाली, तुझं गाव कुठे आहे गं?"

तिला असं हसू फुटलं की ठसकाच लागला. "अवो काकू! आमच्या वावराच्या धुऱ्यावरून दिसते ते जंगल! वाघाच्या भेवानं बाबा दिवस बुडायच्या आत घरी येते!" मीही हसले. किती दिवसांनी या घरात कोणी असं हसलं असेल...

मग मी आणखी काही प्रश्न तसेच उलटे विचारले. जवळजवळ सगळे चुकले. हसणं हळूहळू थांबलं.

"म्हंजे मागच्या वेळी..." ती म्हणाली. मागच्या पेपरात प्रश्न तेच आले असतील, पण उत्तरांच्या जागा बदललेल्या. ही पर्याय न वाचताच पाठ अक्षरांवर खुणा करत गेली, म्हणून तो सोपा गेला होता.

"मले काहीच येत नाही काकू. मी नुसते अ ब क ड पाठ केले." उष्टा हात ताटावर वाळत होता.

खरं सांगते, या वयात दुसऱ्याला धीर द्यायलाही अंगात जोर लागतो. पण कुठून कोण जाणे, आमच्या कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर आठवल्या. केरळच्या होत्या. पांढरा झगा, मोठा थोरला हात, हाताला खडूचा वास. आम्ही उत्तराकडे चोरून बघायला लागलो की त्या पुस्तकावर तो हात ठेवायच्या. "फर्स्ट थिंक, चाइल्ड. देन लुक."

मी सरावसंच तिच्या समोर ठेवला आणि पर्यायांवर तळहात ठेवला. "आता सांग."

पुढचे दिवस सोपे नव्हते. "हात काढा ना काकू!" म्हणून चिडायची. कधी उत्तर शोधता शोधता भिंतीला टेकून झोपून जायची, मग मी तिला तशीच झोपू द्यायची. पण हळूहळू एकेक नाव जागेवर बसायला लागलं. पैनगंगा म्हणजे आदिलाबादच्या मावशीकडे जाताना पुलाखाली दिसते ती. टिपेश्वर म्हणजे बाबांचं लवकर घरी येणं.

काल पेपर झाला. संध्याकाळी आली ती पायरीवरच बसली, बॅगही खांद्यावरून काढली नाही. मी पाणी दिलं. विचारायची भीती वाटत होती, तरी विचारलं.

"लय कठीण गेला काकू. एकेक प्रश्न वाचून वाचून डोकं दुखून राह्यलं."

कठीण गेला! मला किती बरं वाटलं, कसं सांगू.

पाणी पिऊन झाल्यावर म्हणाली, "हॉलमधल्या मॅडम दोनदा येऊन उभ्या राह्यल्या. म्हने, पेपरवर हात काहून ठेवला वं? म्हटलं, मॅडम, विचार करून राह्यली."

निकाल लागेल तेव्हा लागेल. सिस्टर आता कुठे असतील, असतील की नसतील, मला माहीत नाही... पण त्यांचा तो हात काल एका परीक्षेच्या हॉलपर्यंत पोचला, एवढं त्यांना कळायला हवं होतं.

प्रणालीनं आज दुकानातून सुट्टी घेतली आहे. दुपार झाली तरी झोपलेलीच आहे. ताट झाकून ठेवलंय. आज तिला कोणी काही विचारणार नाही.