अर्ध्या सुताची फासळी

माझ्या तापट डोक्यानं मला आयुष्यात बरेच खड्डे दाखवले. पण एकदा त्यानंच माझी नोकरी पक्की केली, म्हणून मी त्याला फार शिव्या देत नाही.

स्वातंत्र्याला सात-आठ वर्षं झाली असतील. पापडी गावाच्या बाजूला वडिलांचा सुतारकामाचा मांडव होता. बैलगाड्या, चर्चचे बाक, दारं-खिडक्या, सगळं तिथं व्हायचं. मी मात्र जवळच्या शाळेत हस्तव्यवसायाचा मास्तर म्हणून लागलो होतो, तोही तात्पुरता. एकदा सातवीच्या मुलांनी विचारलं, विमान उडतं कसं? मी फळ्यावर पंख काढून दाखवत होतो, तेवढ्यात हेडमास्तर दारात येऊन उभे राहिले.

"मास्तर, तुम्ही पोळपाट शिकवा. विमानं करणारे लोक वेगळे."

मुलं हसली आणि माझं डोकं सटकलं. म्हणालो, "स्नेहसंमेलनात विमान उडवून दाखवतो. नाही उडालं, तर दुसऱ्या दिवसापासून शाळेत येत नाही."

"लिहून द्या."

मी तिथल्या तिथं लिहून दिलं. हेडमास्तरही काही कमी नव्हते. त्यांनी खाली लिहिलं, 'उडाल्यास कायम करावे', सही ठोकली आणि कागद कोटाच्या खिशात घातला.

आपल्याच हातानं आपल्या पायावर कुऱ्हाड! विमान पडलं की मी परत मांडवात, चाकांचे आरे तासायला. त्या कामाची मला लाज नव्हती. पण मुलांना शिकवायची गोडी लागली होती, आणि ती सोडायला मन तयार नव्हतं.

बोटीवर नोकरीला असलेल्या मामेभावानं एक विलायती मासिक आणलं होतं. त्यात एका खऱ्या विमानाच्या प्रतिकृतीचा नकाशा होता. पंखांचा पसारा तीन फूट. पुढच्या पानांवर जमिनीवरून बिनतारी यंत्रानं वळवता येणारं विमानही होतं, पण त्याला लागणाऱ्या सामानाची यादी वाचली आणि मी ते पान गुपचूप उलटलं. आपलं रबराच्या पिळावर उडणारं बरं. मासिकातला नकाशा लहान होता, तो तिप्पट करून मी मांडवाच्या जमिनीवर खडूनं काढला, गाडीचं चाक आखतात तसा.

वडील कमरेवर हात ठेवून बघत होते. म्हणाले, "पंखातली ही फासळी किती जाडीची?"

"अर्धं सूत." सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. त्याचंही अर्धं.

"अर्ध्या सुतानं दात कोरतात, पोरा."

पण टोमणा मारून ते थांबले नाहीत. नकाशात बाल्सा नावाचं लाकूड सांगितलं होतं, ते आमच्याकडे कुठलं मिळायला! वडिलांनी पानवेलींच्या आधाराला लावतात त्या पांगाऱ्याचं वाळलेलं खोड आणून माझ्यापुढं टाकलं. उचललं तर हातात काही आहे असं वाटेना. नाकावर फिरणारा पंखा त्यांनी स्वतः शिवणीच्या लाकडाचा कोरला, आणि तो असा की मधोमध सुई घातली तर कुठल्याच बाजूला झुकत नव्हता. मी नुसता बघत राहिलो. सांगाडा उभा राहिल्यावर त्यावर पतंगाचा कागद चिकटवायचं कामही त्यांनी मागून घेतलं. "तू शाळेत जा, मी करतो." मला वाटलं, म्हाताऱ्याला गोडी लागली. मी खूश होऊन शाळेत गेलो.

संमेलनाला दोन दिवस असताना सकाळी मी विमान कापणी झालेल्या शेतात नेलं. सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्यांना पीळ दिला, वाऱ्याच्या तोंडावर सोडलं. ते दहा पावलं गेलं आणि धपकन पडलं. पुन्हा सोडलं, पुन्हा धप. वाण्याच्या तराजूत घातलं तर पंधरा तोळ्यांच्या जागी चोवीस तोळे! पंखाचा कागद एका जागी फाटला होता. आत बोट घातलं तर पांगाऱ्याच्या फासळ्यांना चिकटून सागाच्या पट्ट्या बसवलेल्या. एक नाही, दोन नाही, दोन्ही पंखांत शेवटपर्यंत.

मी तसाच मांडवात गेलो आणि तोंडाला येईल ते बोललो. "तुम्हांला मी शाळेत नकोच आहे! मी परत इथं येऊन आरे तासत बसावं, म्हणून केलंत हे."

वडिलांच्या हातातला रंधा थांबला.

"तुला पाडायला मी साग घालीन?" ते म्हणाले. "शंभर मानसांसमोर पंख मोडला असता, तर लोक काय बोलले असते? सुताराच्या पोराला सांधा जमत नाय. मोडू नये म्हनून घातला. माझं आतापर्यंतचं काम तेच हाय, मोडू नये तेवढं बघायचं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माफी मागायची अक्कल तेव्हा नव्हती. मी म्हणालो, "बाबा, याला मोडायची भीती धरून चालत नाही. याला जड व्हायची भीती धरायची."

मग त्यांनी पंख मांडीवर घेतला आणि स्वतःच्या हातानं सगळा कागद ओरबाडून काढला. तो दिवस आणि दुसरा दिवस आम्ही समोरासमोर बसलो. ते साग सोडवत होते, मी नव्यानं कागद लावत होतो. प्रत्येक फासळी ते उन्हापुढं धरायचे, पलीकडचा उजेड दिसेपर्यंत घासायचे आणि पुटपुटायचे, "हे काय लाकूड म्हनायचं?" पण हात थांबत नव्हता.

संमेलनाच्या सकाळी पाहुण्यांचं भाषण संपता संपेना, आणि इकडे समुद्रावरून वारा चढू लागला. एवढ्या हलक्या विमानाला तो वारा उलटवून टाकणार होता. शेवटी हेडमास्तरांनी नाव पुकारलं आणि खिशातून घड्याळ काढलं. मी मैदानाच्या टोकाला गेलो. वडिलांनी शेपटी धरली, मी पीळ दिला. ते माडाच्या झावळ्यांकडे बघत राहिले. झावळ्या स्थिरावल्या आणि ते म्हणाले, "सोड."

मी सोडलं.

विमान आधी थोडं खाली गेलं, मग नाक वर करून चढलं. मुलांच्या डोक्यावरून, कौलांवरून, पलीकडच्या केळीच्या वाडीवरून. शेपटीचं पान मी जरा वळवून ठेवलं होतं, त्यामुळे वाडीवर मोठं वळण घेऊन ते आमच्याकडे परत आलं! सगळी शाळा उभी राहून ओरडत होती. पीळ संपला तरी ते तरंगत होतं. मी रडत होतो, हसत होतो, काय करत होतो मलाच ठाऊक नाही. हेडमास्तरांच्या हातात घड्याळ होतं, पण ते बघायचं ते साफ विसरले. विमान दुसरा फेरा मारून मैदानातच घसरत उतरलं. हेडमास्तर व्यासपीठावरून खाली आले, कागद काढून माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "मास्तर, सोमवारी हे कार्यालयात द्या. सही माझीच आहे."

मी वडिलांना शोधत गर्दीतून निघालो. एक बागायतदार त्यांना गाठून विचारत होता, माझी गाडी कधी देता? वडिलांनी छाती पुढं काढली आणि अख्ख्या मैदानाला ऐकू जाईल असं सांगितलं, "आता उशीर लागंल, शेट! मांडवात मी एकटाच उरलो. आमचा पोरगा मास्तर झाला, कायमचा!"