उरलेले दोन भाग

निलंग्याच्या एसटी डेपोत महादेवप्पांचा एकच कायदा चालायचा. इंजिन बांधून झाल्यावर ट्रेमध्ये साधा वॉशर जरी उरला, तरी गाडी रूटवर जाणार नाही. पुन्हा खोला! हाताखालचे लोक माघारी शिव्या घालायचे, पण त्यांनी बांधलेली गाडी वाटेत बसल्याचं कुणी ऐकलं नाही. असा हा माणूस रिटायर झाल्यावर वीतभर प्लॅस्टिकच्या विमानापुढं हात टेकेल, हे सांगूनही कुणाला पटलं नसतं.

विमान आईसाठी होतं. निजामाविरुद्धच्या पोलिस ॲक्शनच्या दिवसांत लहानग्या शिवगंगाबाईंनी ज्वारीत दडून डोक्यावरून जाणारं विमान पाहिलं होतं. आता नजर जवळजवळ गेली होती आणि एकच हट्ट उरला होता. "म्हादेवा, ते इमान एकदा हातात घिऊन बघायचंय रे." म्हणून महादेवप्पांच्या पुण्याच्या लेकीनं, सत्यशीलानं, त्या काळच्या लढाऊ विमानाचं खोकं पाठवलं. भाग कापायचे, चिकटवायचे, रंगवायचे.

सोबतच्या कागदावर नुसती चित्रं आणि बाण. कुठला बाण कुठं घुसतोय, कळायला मार्ग नाही. काच चिकटवली आणि मग पायलट बाहेरच राहिल्याचं लक्षात आलं! डिंक ओला होता म्हणून काच उचकटून त्याला आत बसवता आलं. तरी विमान उभं राहिलं. आणि दोन भाग उरले. मिरचीएवढे, लांबुळके. डिझेलच्या टाक्या असाव्यात. पण बसवायच्या कुठं? महादेवप्पांनी सवयीनं पंख खोलायला घेतला. तो काय नटबोल्टचा होता? चिकटून एकजीव झालेला पंख कट्कन मोडला. पुन्हा चिकटवला, तो थोडा खालीच कलला. भाग मात्र दोनच्या दोन शिल्लक. बिचाऱ्यांचं डोकं चालेना.

शेवटी त्यांनी लेकीला फोन लावला.

"अप्पा, ते बॉम्ब आहेत. पंखाखाली लावायचे. नाही लावले तरी चालतं."

"चालतं म्हंजे? दिलाय तर बसवायलाच पाहिजे की!"

"तुमच्या मर्जीवर आहे, अप्पा."

मर्जी! साऱ्या नोकरीत त्यांना कुणी मर्जी विचारली नव्हती. ते आणखीच गोंधळले आणि विमान घेऊन आईजवळ जाऊन बसले.

शिवगंगाबाईंनी नाकापासून शेपटीपर्यंत बोटं फिरवली. कललेला पंखही चाचपला. मग महादेवप्पांनी ते दोन तुकडे तिच्या तळहातावर ठेवले.

"माय, हे बॉम्ब हायेत. लावू का न्हाई?"

तिची मूठ मिटली.

"त्या दिशी आमच्या डोक्यावरून गेलं, पण काय टाकलं न्हाई त्यानं. टाकलं असतं तर तू कुठला रे?"

तिनं दोन्ही तुकडे पदराच्या टोकात घालून घट्ट गाठ मारली. महादेवप्पा त्या गाठीकडं बघत राहिले. भाग उरले होते आणि या खेपेला काही खोलायचं नव्हतं.