वादीनं बांधलेली सीट

सीट मागं सरकली आणि बबनचे दोन्ही पाय पेडलवरून सुटले. कात्रजच्या जुन्या घाटातलं चढाचं वळण होतं. गियर बदलायला त्यानं क्लच दाबला, आणि त्याच जोरानं तो सीटसकट मागं येऊन माझ्या गुडघ्यांवर आदळला. ठेंगणा माणूस, पाय कुठंच पोचेनात. हँडब्रेक दाराजवळ खाली होता, तोही लांब गेला. हातात राहिलं स्टिअरिंग. त्यालाच धरून तो स्वतःला पुढं ओढायला लागला, त्यानं चाकं वळली. गाडी उताराला मागं निघाली.

"अक्का, सुटली," एवढंच तो म्हणाला.

सीट कच्च्या कातड्याच्या वादीनं, म्हणजे लांब अरुंद पट्टीनं, बांधलेली होती. ती मी बांधली होती. ती भिजून सैल पडली होती, आणि भिजवलीही मीच होती. मागच्या काचेतून कठडा जवळ येताना दिसला. त्याच्या पलीकडं नुसतं आभाळ.

बबन माझा धाकटा भाऊ. आई लवकर गेली, त्याला मी वाढवला. आमचे वडील टांग्याचं सामान करायचे: लगाम, पट्टे, गाद्या. टांगे गेले तशी मी रिक्षांच्या सीटा आणि हूड शिवायला लागले. माझं शिक्षण चौथीपर्यंत, पण सुई-दाभण चांगलं चालतं. बबननं जन्मभर दुसऱ्यांच्या गाड्या चालवल्या आणि म्हातारपणी एक जुनी विलायती गाडी घेतली. लग्नात नवरदेवाला मिरवायला ती भाड्यानं द्यायचा. कंप्युटरवाल्या पोरांना रोज नवी गाडी असते, लग्नाला मात्र जुनी लागते.

गाडीच्या सीटा म्हणजे निव्वळ हाडं होती. स्प्रिंगा तुटलेल्या. मी त्या काढून खाटेची निवार ताणून बसवली, वर काथ्या भरला आणि रिक्षाचं उरलेलं रेक्झिन चढवलं. चालकाची सीट पुढं-मागं सरकते त्या पट्टीचे दात झिजून गेले होते, खटका बसेना. जुन्या बाजारात दोन बुधवार हिंडलो. शेवटी एक भंगारवाला म्हणाला, "आजी, हिचे दात पडलेत. आता कवळी कोण करून देणार?"

वेल्डरकडं नेऊन सीट कायमची जोडून टाकता आली असती. पण भोरच्या लग्नाची ऑर्डर आली होती आणि नवरदेवाला वरातीत गाडी स्वतः चालवायची होती. तो सहा फूट, बबन पाच. बबनपुरती सीट पुढं बांधायची आणि भोरला पोचल्यावर बांध कापायचा, असं ठरलं. वडिलांच्या पेटीत वादी होती. मी ती रात्रभर पाण्यात ठेवली, सात वेढे ताणून सीटचा दांडा खालच्या बोल्टला बांधला आणि तो बांध दिवसभर उन्हात वाळवला. कच्चं कातडं ओलं असताना बांधावं, वाळलं की लोखंड होतं. पुन्हा भिजलं की आतडं. बबननं दोन्ही पायांनी रेटून पाहिलं. सीट हलली नाही.

लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी आम्ही खडकीहून निघालो. आधी खराडी. नवरदेवाकडून सजावटीच्या फिती घ्यायच्या होत्या. त्या बाजूला मी पूर्वी कधीतरी गेले होते तेव्हा ज्वारीची शेतं होती. आता सगळीकडं काचेच्या इमारती, आणि सावलीला एक झाड नाही. फाटकावरच्या राखणदारानं हात आडवा केला.

"मायबाई, इथं गाडी लावता येत नाही जी."

"कुठलं गाव तुमचं?"

"वाशीम."

"एवढ्या लांबून आलात, ते आम्हाला हाकलायला?"

तो हसला. "पगार त्याचाच भेटते ना, माय." मग आम्हाला भिंतीच्या कडेला उभं राहू दिलं आणि त्याच्या बाटलीतलं पाणीही दिलं.

नवरदेव गळ्यात कार्डाचा पट्टा अडकवून खाली आला. उद्या लग्न आणि आज ऑफिसात. सीटवर बसून उड्या मारून म्हणाला, "आजी, सुपर्ब! स्प्रिंग्ज ओरिजिनल आहेत?"

"खाटेची निवार आहे."

"वॉव. आणि हे लेदर? व्हेरी ऑथेंटिक."

"त्याला हात लावू नका. उद्या कापून देते."

त्यानं फिती दिल्या आणि बजावलं, "प्लॅस्टिकची फुलं नकोत हां, आजी. फ्रेश पाहिजेत." भोरला एवढी फुलं मिळणार नव्हती, म्हणून मार्केट यार्डात गेलो. झेंडू, शेवंती आणि गुलाब घेतले. फुलवाल्यानं सगळं ओल्या गोणपाटात गुंडाळलं. डिकीत स्टेपनी आणि माझी अवजारं होती, आणि ऊन लागून फुलं उकडली असती. म्हणून ते बोचकं मी मागं माझ्या पायाशी घेतलं. म्हणजे चालकाच्या सीटखालीच. तिथंच वादी होती.

मग कोथरूडला नवरदेवाच्या काकांना घ्यायला. जोगळेकर नाव, निवृत्त कारकून. सोसायटीच्या दारात घड्याळ हातात काढून उभे होते.

"अकराला येणार होतात आपण. पावणेबारा झाले. मी पायी निघालो असतो तर कात्रजला तुमची वाट बघत बसलो असतो."

"मग निघायचं होतं," मी म्हणाले.

"बाई, भाड्यात तुमचं बोलणं धरलंय, की ते वेगळं?"

बबनला हसू आवरेना. जोगळेकर पुढं त्याच्या शेजारी बसले. माणूस खवट, पण रस्ताभर बोलत राहिला. स्वारगेटपासून गाड्यांची रांग होती, ऊन चैत्राचं. इंजिनाची धग आत येत होती.

घाट चढायच्या आधी इंजिन निवायला बबननं चिंचेखाली गाडी थांबवली. मी भाकरी, ठेचा आणि कांदा सोडला. जोगळेकरांनी डब्यातून दशम्या काढल्या आणि ठेच्याकडं बघून म्हणाले, "हा खायचा आहे का रेडिएटरमध्ये घालायचा?" तरी दोनदा घेतला. डोळ्यांतून पाणी आलं.

"नव्या बोगद्यानं जायचं का?" मी बबनला विचारलं.

"नको अक्का. ट्रकवाले मागं लागतात. जुन्या घाटानं आपलं सावकाश."

गाडीत बसताना जोगळेकरांनी बोचक्यात डोकावलं. "फुलं माना टाकतायत. उद्या काय नवरदेवाला पालापाचोळ्यात मिरवणार? पाणी मारा की."

रेडिएटरच्या पाण्यासाठी बरोबर घेतलेली कळशी मी खालच्या हातपंपावरून भरून आणली आणि गोणपाटावर ओतली. पाणी सगळ्या तळावर पसरलं, माझ्या चपला भिजल्या. म्हटलं बरं वाटतंय, पायांना गार. खराडीला पोराला मी वादीला हात लावू दिला नव्हता, आणि इथं तिच्यावर कळशीभर पाणी ओतलं. माझ्या डोक्यात फुलं होती. बबननंही पाहिलं, त्याच्याही ध्यानात आलं नाही. आमचे वडील पावसात भिजलेला पट्टा घोड्याला कधी घालू द्यायचे नाहीत. आम्ही दोघं त्यांच्याच हाताखाली वाढलो.

तिथून वळणापर्यंत दहा-बारा मिनिटं. डोंगर भाजून निघालेला, गवत पिवळं, खाली पुणं धुरकट दिसत होतं. जोगळेकर त्यांचं कोथरूड कुठं ते बोट दाखवून सांगत होते. मला काही ओळखू येत नव्हतं. तेवढ्यात बबननं क्लच दाबला.

कठडा जुना होता, गाडीच्या मागच्या धक्क्यानं फुटला. जोगळेकरांच्या बाजूचं दार उघडलं आणि ते रस्त्यावरच पडले. गाडी मला आणि बबनला घेऊन खाली गेली, एकदा कलंडली आणि एका झाडाला अडकून बबनच्या बाजूवर पडली. सीट आणि माझे पाय यांच्यामध्ये फुलांचं बोचकं होतं, म्हणून पाय राहिले. बबनच्या छातीत स्टिअरिंग बसलं होतं. श्वास घेताना त्याच्या घशात आवाज येत होता.

"बबन, बोलू नकोस."

"जोगळेकर कुठायत?"

"वर आहेत. शिव्या देतायत."

ते खरं होतं. वरून जोगळेकरांचा आवाज येत होता, जाणाऱ्या कांद्याच्या ट्रकला ते थांबवत होते. "अहो, माणसं आहेत खाली! थांबा की, तुमच्या कांद्याला पाय फुटत नाहीत!" ट्रकवाला आणि दोन गुराखी खाली उतरले. त्यांनी बबनला माझ्या लुगड्यात घालून वर नेला. मी परकरावर वर चढले.

दवाखान्यात हवालदार वही घेऊन आला. "आजी, ब्रेक फेल लिहू ना?"

"ब्रेक चांगले होते. सीट सरकली."

"सीट कशानं सरकली?"

"मी बांधली होती. मीच पाणी ओतलं, वादी सैल पडली."

त्यानं पेन थांबवलं. "आजी, असं बोललात तर तुमच्यावर येईल."

"माझ्यावरच आहे. लिहा."

जोगळेकर शेजारच्या खाटेवर होते, खांदा बांधलेला. हवालदार गेल्यावर हळूच म्हणाले, "बाई, पाणी मारायला मी सांगितलं होतं."

"सांगितलं तुम्ही. ओतलं मी. वादी कसली असते हे तुम्हाला ठाऊक नव्हतं, मला होतं."

दुसऱ्या दिवशी भोरला लग्न लागलं. नवरदेव भाड्याच्या नव्या गाडीतून गेला आणि संध्याकाळी हळदीच्या अंगानं दवाखान्यात आला. बबन शुद्धीवर नव्हता. पोरगा काचेबाहेर उभा राहून रडला. मी त्याला घरी जा म्हटलं, बायको वाट बघत असेल.

चौथ्या दिवशी मी बसनं खडकीला परत आले. घर सोडल्यापासून एकाच दिवसात खराडी, मार्केट यार्ड, कोथरूड आणि कात्रज पाहिलं होतं. एवढं पुणं मी जन्मात पाहिलं नव्हतं. लोक विचारतात, म्हातारपणी कशाला गेलीस? मी गेले कारण सीट माझ्या हातची होती आणि ती टिकते का हे मला बघायचं होतं. झिजलेल्या वस्तूला दुसऱ्या कशाचा तरी आधार देणं हेच मी आयुष्यभर केलं. पुष्कळ सीटा टिकल्या. ही टिकली असती. ज्याला आधार द्यायचा त्याच्यावर लक्षही ठेवावं लागतं, आणि ते मी कळशी ओतताना ठेवलं नाही. यापेक्षा जास्त मला काही कळलेलं नाही.

गाडीत आम्ही तिघं होतो. जोगळेकर वाचले. मी वाचले. बबन तिसऱ्या दिवशी सकाळी गेला.